वाळूवरच्या बाळंतिणींची सुईण

आमच्या गावात हल्ली कोणी "आमच्या वाडवडिलांनी कासवं राखली" असं बोलायला लागलं की माझं डोकं उठतं. वाडवडिलांनी राखली म्हणे! वाडवडिलांनी कासवांची अंडी उकडून खाल्ली, मालवणच्या बाजारात टोपल्या भरभरून विकली, आणि उरली ती कुत्र्यांना टाकली. राखली ती एका बाईने. ती माझी थोरली जाऊ, शेवंती. तिनेही ती गावाच्या आशीर्वादाने राखली नाहीत, गावाच्या उरावर बसून राखली. गावाचं नाव मी लिहीत नाही. मिठबावपासून फार लांब नाही एवढं पुरे. तेव्हाच्या मानकऱ्यांचे नातू अजून गावकी करतात आणि या वयात मला कोणाशी भांडायची हौस नाही. पण कोणी खोटं बोललं तर गप्प बसायचीही सवय नाही.

शेवंतीवयनी गावची सुईण. ठेंगणी, रापलेल्या वर्णाची, तोंडाने फटकळ आणि हाताने मऊ. देवळाच्या जत्रेत ती उभी राहिली की समोरून जाणाऱ्या निम्म्या लोकांना तिनेच या जगात ओढून आणलेलं असायचं. त्यामुळे ती कोणाला भीत नसे. एखादा मिशीवाला बाप्या आवाज चढवायला लागला की ती चारचौघांत म्हणायची, "माका डोळे दाखव नको. उलटो धरून चापट मारलंय तेव्हा खंय रडलंस. आता गप ऱ्हव." मग मिशीवाला गप्प. तिचे घरवाले लवूभावजी गलबतावर असत. पुढे रेडीला खनिजाच्या बोटी लागायला लागल्या तेव्हा तिकडे गेले. पावसाळ्यापुरते काय ते घरी. माझे यजमान मुंबईला कापडाच्या दुकानात. म्हणजे समुद्राकडेच्या त्या घरात राहायचो आम्ही दोघी जावा, एक मारकी म्हैस आणि हंगामात माळ्यावर भरपूर आंबे.

आता कासवांचं सांगते. १९५५ सालचा मार्गशीर्ष असेल. खाडीपलीकडचं एक अडलेलं बाळंतपण सोडवून वयनी परत येत होती. मी सोबतीला होते. होडीतून उतरून आम्ही पुळणीवरून, म्हणजे समुद्राकाठच्या वाळूवरून, घराकडे निघालो तेव्हा चांगलं उजाडलं होतं. पुढे चार-पाच बाप्ये विड्या ओढत उकिडवे बसलेले दिसले. मधोमध एक कासवीण. तिला उशीर झाला होता बिचारीला, एरवी या अंधारातच येऊन जातात. वाळूत खड्डा करून, त्यावर मागचं अंग टेकून ती अंडी घालत होती. डोळ्यांतून पाणी गळत होतं. आणि शिवा नावाचा आमच्याच वाडीतला माणूस तिच्या मागे पालथा पडून, खड्ड्यात हात घालून, अंडं पडलं की झेलून टोपलीत ठेवत होता. वाळूलासुद्धा लागू देत नव्हता.

"शिवा, दाब जरा तिका, आजून पोटात आसत," एकजण म्हणाला आणि सगळे खो खो हसले.

हेच लोक बरं का! देवळात गाभाऱ्यापुढच्या दगडी कासवाला चुकून पाय लागला तर दोन्ही कान धरणारे. रापणीच्या जाळ्यात जिवंत कासव सापडलं तर त्याच्या पाठीवर हळद-पिंजर वाहून, हात जोडून पाण्यात सोडणारे. पाण्यातलं कासव देव, देवळातलं कासव देव, आणि वाळूवर बाळंत होणारी कासवीण म्हणजे फुकटचं कालवण. हा हिशोब कोणत्या शास्त्रात आहे ते मला अजून कळलेलं नाही.

वयनीने हातातली पिशवी माझ्याकडे दिली आणि सरळ त्या घोळक्यात घुसली. "मेल्यानू, बाळंतिणीच्या खोलयेत बाप्ये शिरतत? तुमच्या आयशीक असो तमासो लावून बाळंत केल्यानी? शिवा, हात काढ भायर. काढ म्हणतंय मां!"

शिवाने हात काढला. सवयच होती गावाला तिच्या शब्दावर हलायची. वयनीने पदर सोडून आडवा धरला आणि कासविणीकडे पाठ, बाप्यांकडे तोंड करून तिथेच फतकल मारून बसली. कासवीण मोकळी झाली, मागच्या पायांनी वाळू लोटून तिने खड्डा बुजवला, अंगाने थोपटून सारखा केला आणि एकदाही मागे न बघता पाण्यात गेली. तोवर बाप्ये कुरकुरत पांगले होते. टोपलीतली अंडी वयनीने उचललीच, पण खड्ड्यातली ठेवली असती तर तिची पाठ वळताच शिवाने उकरली असती, म्हणून तीही काढली. सगळी घरी आणली.

आणली खरी, पण पुढे काय करायचं ते कोणाला माहीत! आम्ही पडलो आंबेवाले. नाजूक गोल वस्तू घरात आली की तिचं काय करायचं हे आमच्या हाताला एकच ठाऊक. माळ्यावर गवताची आढी घालायची, ऊब द्यायची आणि दर काही दिवसांनी एकेक फळ हळुवार फिरवायचं, एका अंगाला दबून नासू नये म्हणून. वयनीने कासवांच्या अंड्यांची आढी घातली. रोज माळ्यावर चढून एकेक अंडं उलटं करायची. कोंबडीसुद्धा अंडी फिरवते, मग यात चूक ती काय, असं मलाही वाटलं. पोरांना जपावं तसं जपलं तिने. आणि सगळी नासली. अख्ख्या घरभर अशी घाण सुटली की म्हैससुद्धा फुरफुरायला लागली. खाली उतरवून खड्ड्यात पुरताना वयनी रडली नाही, स्वतःला शिव्या देत होती.

"माका कळूक व्हयां होतां गो यशोदे," ती म्हणाली. "पोटातल्या पोराक कोण रोज उलटां-सुलटां करता? सुईण म्हणान जन्म गेलो, नि मी तेंका आंबे समाजलंय."

गावात हसू झालं. "शेवंतीन कासवांची आढी घातल्यान," म्हणून बायका पाणवठ्यावर पदर तोंडाला लावून हसायच्या. हसणाऱ्यांना काय लागतं? त्यांनी तर जी खाल्ली ती नासूसुद्धा दिली नव्हती.

दुसऱ्या वर्षी तिने घराच्या समुद्राकडल्या अंगणात वाळूची जागा केली. कासवीण करते तेवढाच खोल खड्डा, अंडी जशी निघाली तशीच न फिरवता आत, वर वाळू. भोवती बांबूच्या कामट्यांची दाट वई घातली, कुत्री आणि कोल्हे येऊ नयेत म्हणून. मग आम्ही वाट बघत बसलो. मला तर पुन्हा ती घाण येणार याची खात्री होती. पण माघात एका सकाळी वाळू हलली. एक काळं, रुपयाएवढं डोकं वर आलं, मग दुसरं, मग तर वाळूच उकळायला लागली म्हणा ना! वल्ही मारल्यासारखे हात हलवत ती एवढीएवढीशी पिल्लं वईच्या समुद्राकडल्या बाजूला जाऊन धडका देऊ लागली. कोणी शिकवलं नव्हतं त्यांना समुद्र कुठे आहे ते. वयनीने टोपल्यांत भरून त्यांना ओल्या वाळूपर्यंत नेलं. पुढे ती आपल्या पायांनी गेली. वयनी तोंडावर हात ठेवून उभी राहिली होती. इतकी बाळंतपणं केलेली बाई, पण मी तिला तशी कधी पाहिली नव्हती.

पण एका घरट्याने काय होणार? पुळण लांबलचक, आणि शिवासारखे खंडीभर. मग तिने काय केलं ते ऐका. आमच्याकडे मुलाचं बारसं झालं की सुईणीला लुगडं, नारळ आणि पायलीभर तांदूळ द्यायची रीत. वयनीने लुगडं नाकारायला सुरुवात केली. बाळाला न्हाऊमाखू घालून आईच्या मांडीवर दिलं की घरधन्याला बाहेर बोलवायची.

"लुगडां नको माका. तुमच्या समोरच्या वाळयेर कासवीण चढली तर तिची अंडी माझ्या अंगणात येवक व्हयी. तुझी बायल मी मोकळी केलंय, तू तिका मोकळी ऱ्हवूक दी. फिटांफिट."

बाप्ये आधी हसले, लुगडं वाचलं म्हणून खूशही झाले. मग अंडी खायची सोय गेल्यावर कुरकुरले. पण सुईणीशी वाकडं घेणार कोण? घरात बायकाच दाराआड उभ्या असायच्या, "काकीक शब्द दिलास मां?" म्हणून. असं करत करत, घराघराने, वाडीवाडीने, पाच-सहा वर्षांत निम्मी पुळण तिच्या शब्दात आली. शिवाच्या बायकोचं दुसरं बाळंतपण फार अवघड गेलं. दोघं वाचली. दुसऱ्याच महिन्यात शिवा स्वतः टोपली घेऊन आमच्या अंगणात उभा. खाली मान, आणि टोपलीत ओल्या वाळूसकट अंडी. काठी टोचून घरटं शोधण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. चोर होता तो राखणदार झाला. मला त्याचं कौतुक होतं, नाही असं नाही. पुढे त्यानेच काय केलं ते येईलच.

सगळ्यांत जास्त कुरकुर होती ती भाईंची. भाई म्हणजे आमचे मुख्य मानकरी. देवाचं गाऱ्हाणं त्यांनी घालायचं, कौल त्यांनी वाचायचा, गावाचा शब्द त्यांच्या तोंडून निघायचा. माणूस वाईट होता असं नाही. पण आपल्याखेरीज कोणाच्या सांगण्यावरून गाव हलतं, हेच त्यांना खपत नसे. त्यातून ते हलतं एका बाईच्या सांगण्यावरून!

१९६१ साली पौषात आमच्याकडे गावपळण आली. बाहेरच्या माणसाला हे सांगितलं तर खोटं वाटेल. दर काही वर्षांनी आमचा देव कौल देतो आणि मग सगळं गाव घरंदारं बंद करून तीन दिवस वेशीबाहेर जातं. माणसं, गुरं, कोंबड्या, कुत्री, मांजरं, म्हातारेकोतारे, अंगावरची बाळं, सगळे. गावात एक जीव म्हणून उरता कामा नये. वेशीपलीकडच्या माळावर माडाच्या झापांच्या खोपी बांधायच्या, तिथेच रांधायचं, जेवायचं, फुगड्या घालायच्या, भजनं म्हणायची. चौथ्या दिवशी मानकरी तेवढे वेशीलगतच्या देवळात जाऊन कौल घेतात. देवाने होय म्हटलं की गाव परत. मला तर फार आवडायची पळण. चूल कमी आणि गप्पा जास्त.

पण त्या वर्षी आमच्या अंगणात कधी नव्हती तेवढी घरटी होती. वई दोनदा वाढवावी लागली होती. आणि पहिली घरटी अगदी फुटायच्या बेताला आलेली.

देवळातल्या बैठकीत भाईंनी विषय काढला. "शेवंतीच्या अंगणातली अंडी भायर काढूक व्हयी. जीव आसा तेच्यात. एकव जीव आत ऱ्हवता नये."

"तेंका आता हलवलां तर मरतली," वयनी उभी राहून म्हणाली. "पुळणीर कासवां स्वतः घालतत ती तुमी काढतास काय? नाय मां? मगे ही कित्याक?"

"ती दर्याची. ही तू पायरेच्या आत हाडलंस, म्हणजे घरची झाली. कोंबडी खुराड्यातली अंडी नेता तशी ने."

"भाईनू, कोंबडी नि कासव ह्यातलो फरक तुमका म्हायत नसात तर देवाक विचारा. लावा कौल."

कौल लागला. देवाच्या पाषाणावर दोन्ही अंगांना लावलेल्या फुलांच्या पाकळ्यांतली उजवी पडली. म्हणजे होय, अंडी राहू देत. भाईंचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. पण लगेच सावरून ते म्हणाले, "कौल अंड्यांक मिळालो, तुका नाय. तू सगळ्यांवांगडा भायर." वयनीने मान डोलवली. तीन दिवसांचा तर प्रश्न. निघायच्या सकाळी तिने वई पुन्हा एकदा आवळून बांधली, कुठे फट राहिली नाही ना ते हात फिरवून बघितलं, आणि म्हशीचं दावं धरून निघाली.

तीन दिवस गेले. चौथ्या दिवशी मानकरी देवळात गेले आणि परत येऊन भाईंनी सांगितलं, देव होय म्हणत नाही. थांबावं लागेल. माळावर टाळ्याच पडल्या. पोरं नाचायला लागली, कोणी कोंबडी कापायची तयारी केली. वयनी मात्र वेशीच्या दगडाशी जाऊन उभी राहिली. पुढचे दोन दिवसही तेच, कौल नाही. तेव्हा ती भाईंच्या खोपीसमोर गेली. मी बरोबर होते.

"माका एकदा जावन येवक देवा. वईचो दरवाजो उघडतलंय, परत येतलंय. घरात पाय ठेवचंय नाय."

"देवाच्या कामात घरच्यो सबबी नको," भाई म्हणाले. "आज तू कासवांसाठी जातलंस, उद्या कोण म्हणतलो माझी कलमां सुकतत. मगे पळण कसली?"

कलमांचं उदाहरण त्यांनी स्वतः दिलं, हे लक्षात ठेवा. असली साळसूद वाक्यं आयत्या वेळी तोंडातून निघतात कशी मला कळत नाही.

आम्ही परतलो तर शिवा आमच्या खोपीमागे बसला होता. चेहरा मेल्यासारखा. वयनीने विचारलं, काय रे? मग एकदम बोलला.

"काकी, भायर पडली ती. सगळ्या अंगणभर आसत. वईक आपटतत."

"तू खंय बगलंस?"

खरं ते हळूहळू बाहेर आलं. भाईंनी खाडीकाठी नवी हापूसची कलमं लावली होती, पहिलंच वर्ष. पळण लांबली तेव्हा त्यांनी शिवाला पहाटेचा होडीने पाठवलं होतं. होडी पाण्यातून जाते, पाणी गावात मोजत नाहीत, हा त्यांचा न्याय. दोन्ही दिवस शिवा कलमांना पाणी घालून आला होता. येताना समुद्राकडून आमचं अंगण दिसलं.

"मगे वई कित्याक सोडूक नाय?" वयनीचा आवाज फुटला.

"सोडलंय असतंय तर कोणतरी आत गेललो ता सगळ्यांक कळलां असतां. भाईंचा नाव भायर पडलां असतां. भाईंनी शपथ घातललीनी."

मला वाटलं आता याच्या थोबाडीत बसणार. पण ती वळली आणि चालायला लागली, सरळ वेशीच्या दगडाकडे. भर सकाळी, सगळं गाव चुलींपाशी बसलेलं असताना. कोणी ओरडलं, "शेवंती, खंय जातंस? फाटी फिर!" भाई पळत आले आणि वाट अडवून उभे राहिले.

"आड सरा," ती म्हणाली. "बाळंतपण आडलां म्हणजे सुईण कोणाक विचारीत नाय."

आणि गेली. तिच्या मागे वेस ओलांडायची हिंमत कोणाला झाली नाही, मलाही नाही.

ती परत आली तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. हातात आमचं भात पाखडायचं सूप. त्यात पिल्लं होती, सुपाच्या काठापर्यंत रचलेली, वाळून कडक झालेली, हात पसरलेली. वाढवलेल्या वईत आलेल्या विहिरीच्या ओलीला जाऊन पडलेली ओंजळभर जिवंत सापडली, ती तिने समुद्रात सोडली होती. बाकीची ही. सगळी वईच्या समुद्राकडल्या बाजूला सापडली, एकावर एक. आणि विचार करा, त्या दिवसांत आमची पुळण कशी होती! गावातलं प्रत्येक कुत्रं आमच्याबरोबर माळावर बांधलेलं. माणूस नाही, टोपली नाही, काठी नाही. देवाने स्वतः रस्ता मोकळा करून दिला होता. वई उघडी असती तर पिल्लं नाचत गेली असती. ज्यांच्यासाठी वई घातली ती कुत्री गावात नव्हती, आणि हे ना तिच्या ध्यानात आलं, ना माझ्या. पण ज्याने बघितलं तो सोडू शकत होता, आणि ज्याने त्याचं तोंड बांधलं तो देवाचं नाव सांगत होता. या दोन गोष्टी मी आजवर विसरलेले नाही, आणि विसरणारही नाही.

वयनीने सूप भाईंच्या पुढ्यात ठेवलं. "तुमचो देव काय म्हणता बगा," एवढंच म्हणाली.

माळावर जो तो आपल्या चुलीकडे वळला. पण दुसऱ्या सकाळी कौल मिळून गाव परत आलं, आणि घरात चूल पेटली तशी सगळ्यांना धर्म आठवला. शेवंतीने पळण बाटवली. आता देव कोपणार, पाऊस पडणार नाही, गुरं मरणार. देवळात बैठक बसली आणि भाईंनी निवाडा दिला. तिला वाळीत टाकत नाही, पण तिने सगळ्या गावासमोर देवाच्या पायरीशी उभं राहून स्वतःच्या तोंडाने गाऱ्हाणं घालायचं. चुकले म्हणून.

एरवी गाऱ्हाणं मानकऱ्याने घालायचं. बाईने घालायची आमच्याकडे पद्धतच नाही. म्हणजे हा मान नव्हता, नाक घासायची सोय होती. शिवा खांबाआड उभा होता. त्याने तोंड उघडलं नाही. कलमांची गोष्ट एव्हाना निम्म्या गावाला कळली होती, आमच्याकडे चुलीआड काही लपत नाही. पण भाईंसमोर ब्र काढायला कोणी तयार नव्हतं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. मी वयनीला म्हटलं, घालू नको, चल घरी. तिने माझा हात सोडवला आणि पुढे जाऊन उभी राहिली.

गाऱ्हाण्याची रीत अशी की घालणारा एकेक मागणं देवाला सांगतो, शेवटी "म्हाराजा" म्हणतो, आणि जमलेला गाव एका आवाजात "व्हय म्हाराजा" म्हणतो. लहानपणापासून इतकी सवय की झोपेतसुद्धा माणूस म्हणेल.

"बा रवळनाथा, बारा पाचाच्या धन्या, म्हाराजा!" वयनीचा आवाज बाळंतिणीला कळा दे म्हणून सांगतानाचा, खणखणीत.

"व्हय म्हाराजा!"

"आज ही तुझी लेक शेवंती तुझ्या पायरेर उभी आसा. पळणीत ती वेस ओलांडून आत गेली. तिचां काय चुकला-माकला आसात ता पोटात घाल, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

भाईंनी समाधानाने मान हलवली.

"ती गेली ती सगळ्यांच्या डोळ्यांदेखत गेली. पण जो कोण तुझी वेस चुकवून, पाण्याच्या वाटेन माणूस धाडून, आपल्या कलमांक पाणी घालता आणि तुझां नाव पुढे करता, तेचो निवाडो तूच कर, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

निघून गेलं सगळ्यांच्या तोंडून! आणि माझ्या कानांनी मी ऐकलं, त्यात भाईंचाही आवाज होता. त्यांचा आवाज जाड, लपत नाही. बोलल्यावर त्यांना कळलं. तोंड उघडंच राहिलं. पण गाऱ्हाणं मध्ये तोडणं म्हणजे देवाचा शब्द तोडणं, ते कोण करणार?

वयनी थांबलीच नाही. "ह्या गावच्या वाळयेर जी कासवीण बाळंत होवक येता ती ह्या गावची माहेरवाशीण. तिच्या अंड्याक जो कोण हात लावीत, तेका तुझ्या देवळाची पायरी चढूक देव नको, म्हाराजा!"

या वेळी बाप्ये अडखळले. त्यांना आता समजलं होतं आपल्याकडून काय वदवून घेतलं जातंय ते. पण मागून बायकांचा आवाज आला. एरवी बायका हळू म्हणतात. त्या दिवशी देवळाचं छप्पर हललं.

"व्हय म्हाराजा!"

मग बाप्यांनाही म्हणावंच लागलं. शिवा खांबाआडून सगळ्यांत शेवटी म्हणाला, रडत.

झालं. देवासमोर अख्ख्या गावाने दिलेला शब्द, तो मोडायची भाईंचीसुद्धा छाती नव्हती. त्यानंतर आमच्या पुळणीवर अंड्यांची टोपली दिसली नाही, आणि गावाची नातवंडं ज्याला वाडवडिलांची राखण म्हणतात ती एवढीच, एका संतापलेल्या सुईणीने घातलेलं गाऱ्हाणं. भाईंची कलमं मात्र जगली. खाडीकाठी आजही उभी आहेत. बाजारात त्या बागेच्या पेट्यांना चांगला भाव येतो म्हणतात. मी त्यांचा आंबा कधी तोंडात घातलेला नाही.

देवळातून घरी येताना मला हसू आवरत नव्हतं. भाईंचं उघडं तोंड सारखं डोळ्यांसमोर येत होतं. मी तिचा दंड धरून म्हटलं, "वयनी, जिकलंस गो! आख्ख्या गावाक जिकलंस!"

ती वाटेतच थांबली. तिने माझ्याकडे असं बघितलं की माझं हसू तिथेच विरलं.

"जिकलंय?" ती म्हणाली. "जी पिल्लां अंगणात पुरून इलंय ती उठान दर्यात गेली काय?"

आणि पुढे काही न बोलता घरी येऊन तिने कोयता घेतला आणि वईच्या समुद्राकडल्या कामट्या तोडायला बसली.